१९११ च्या सुमारास निफाडकडच्या जहागीरदारांच्या वाड्यातील जीवन कसे होते? (नाटकासाठी माहिती हवी आहे)

नेपथ्यकार (प्रश्नकर्ता)

नमस्कार. नाशिकमधील आमची हौशी मंडळी यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक दोन अंकी नाटक बसवत आहेत. नाटकाचा काळ १९११ च्या पावसाळ्यापासून १९१२ च्या पाडव्यापर्यंतचा असून ते निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या एका काल्पनिक गावातील जहागीरदारांच्या वाड्यात घडते. घराणे पेशवाईत नावारूपाला आलेल्या ब्राह्मण सरदाराचे आहे आणि इंग्रजी अमलात ते जुन्या इतमामावर दिवस काढते आहे, अशी लेखकाची कल्पना आहे. नेपथ्य आणि रंगमंचावरील वस्तू ही कामे माझ्याकडे आहेत.

अडचण अशी आहे की आमच्या दिग्दर्शकांच्या डोळ्यांसमोर विलायती मालिकांमधील प्रासाद आहे. त्यांना लांबलचक जेवणाचे टेबल हवे आहे, चाकरांना बोलावण्यासाठी भिंतीवर घंटांची रांग हवी आहे, एकसारख्या पोशाखातील नोकर हवे आहेत आणि वाड्यासमोर हिरवळही हवी आहे. विंचूर आणि चांदोरी येथील जुने वाडे मी बाहेरून पाहिले आहेत. ते ऐन गावात, इतर घरांना खेटून उभे आहेत, त्यामुळे हिरवळीला जागा कोठे होती हेच मला कळत नाही. मात्र केवळ ‘असे नसावे’ एवढे म्हणून माझे कोणी ऐकणार नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे. अशा वाड्यात दिवस कसा जात असे, कोण कोठे बसत-उठत असे, नोकरांना हाक कशी मारीत, जेवणे कशी होत, आणि या सगळ्यासाठी लागणारा पैसा येत कोठून असे?

दप्तरी

पैशाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे, पण मी तो आधी घेतो, कारण तो नीट कळला नाही तर वाड्यातील एकही माणूस रंगमंचावर बरोबर उभा राहणार नाही.

नाशिक जिल्हा रयतवारीचा आहे. बंगालसारखी जमीनदारी येथे नव्हती. शेतकरी खातेदार म्हणून थेट सरकारच्या दप्तरी नोंदलेला असे आणि सारा भरीत असे. मग सरदाराकडे काय होते? त्याच्याकडे सरंजाम होता, म्हणजे ठरावीक गावांचा सारा सरकारऐवजी त्याने घ्यावा, असा हक्क होता. सर्वसाधारणपणे हा हक्क महसुलावर समजला जाई, जमिनीवर नव्हे. त्यामुळे गावातील शेते वाड्याच्या मालकीची आहेत असे जर आपल्या नाटकातील धनी म्हणत असतील, तर त्यांचाच कारकून मनात हसेल. खुद्द वाड्याची म्हणावी अशी जमीन वेगळी असे. तिला शेरी म्हणत. शेरीतील काही भाग सालगड्यांकडून घरी कसला जाई आणि बाकीचा कुळांना अर्धेलीने किंवा खंडाने दिला जाई. याखेरीज इनाम जमिनी असत, त्यांचे नियम निराळे होते.

यात नाटकाच्या दृष्टीने एक फार मोलाची गोष्ट दडलेली आहे. सरंजाम भावांमध्ये वाटला जात नसे. मूळ पुरुष वारला की सरकारच्या हुकमाने तो वारसाच्या, बहुधा थोरल्या मुलाच्या, नावे पुन्हा नेमून दिला जाई, आणि धाकट्यांना त्यातून पोटगी मिळे. इनाम व इतर खासगी मिळकत मात्र हिंदू कायद्याप्रमाणे वाटली जाऊ शके. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ एका कागदाप्रमाणे धनी आणि आश्रित असत, आणि दुसऱ्या कागदाप्रमाणे बरोबरीचे हिस्सेदार असत. याहून चांगले भांडण लेखकाला कोठे मिळणार?

रोकड वाड्यात फारशी खेळत नसे. साऱ्याचे हप्ते पीक हाती आल्यानंतरच्या महिन्यांत येत. वर्षाच्या उरलेल्या काळात लग्न, मुंज, श्राद्ध, कोर्टाचा खर्च आणि पुण्यातील बिऱ्हाडाचा खर्च हे सगळे सावकाराच्या वहीवर चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या जवळजवळ लागोपाठच्या दुष्काळांनी दख्खन पिळून निघाले होते, त्यांच्या मध्येच प्लेग आला आणि तो पुढेही वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला. सारा बुडाला म्हणजे सरदाराचे उत्पन्न बुडाले, पण पंगतीतील पाने काही कमी करता येत नसत. १९११ साली पावसाने पुन्हा ओढ दिली होती, तेव्हा आपल्या लेखकाने वर्ष अचूक निवडले आहे.

या साऱ्याचा मेळ घालणारा माणूस म्हणजे कारभारी. धनी पुण्यात किंवा नाशिकला असले तरी तो गावात असतो. कोणत्या खातेदाराकडे किती बाकी आहे, कोणत्या सावकाराची मुदत कधी भरते आणि कोणता कागद कोणत्या रुमालात बांधलेला आहे, हे त्यालाच ठाऊक असते. आपल्या दिग्दर्शकांना विलायती बटलरची जागा भरायचीच असेल तर ती त्यांनी कारभाऱ्याला द्यावी. मात्र त्याच्या हातात चांदीचे तबक न देता काखेत रुमालात बांधलेले दप्तर द्यावे.

कोठीघर

दप्तरींनी पुढच्या चौकाचे सांगितले, मी मागच्या चौकाचे सांगते. माझ्या आजीचे माहेर अशाच एका घराण्यात होते आणि तिच्याकडून ऐकलेले बरेच मनात आहे. जे इतर वाड्यांतूनही जुळते तेवढेच येथे लिहिते.

जेवणाचे टेबल ताबडतोब काढून टाकावे. जेवणघर म्हणून वेगळी सजवलेली खोलीसुद्धा नसे; माजघरात किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या सोप्यात पाट मांडले जात, पानाभोवती रांगोळी काढली जाई आणि पंगत बसे. पहिली पंगत घरातील पुरुषांची, मुंज झालेल्या मुलांची आणि आल्यागेल्या ब्राह्मणांची, त्यानंतर बायकांची. कारकुनांपैकी ज्यांची जात पंक्तीला चालत असे ते पहिल्या पंगतीच्या शेवटी बसत. बाकीच्यांना शिधा मिळे किंवा वाढलेले अन्न परसदारी जाई. पुरुष सोवळे नेसून उघड्या अंगाने जेवायला बसत, म्हणजे आपल्या नटांना कोट-पगडी घालून जेवता येणार नाही. स्वयंपाक करणारी बाई सोवळ्यात असे आणि तिला शिवायला मुलांनाही बंदी असे. या एका नियमामुळे वाड्यातील माणसांच्या सर्व हालचालींना वळण मिळाले होते: कोणी कोठून यायचे, कोणते दार ओलांडायचे नाही, हंडा कोणी भरायचा, ओले कपडे कोठे वाळत घालायचे. सोवळ्याच्या पाण्याला कातड्याची पखाल चालत नसल्यामुळे चौकातील आडाचे पाणी ब्राह्मण पाणक्या किंवा घरच्या सुना घागरींनी भरीत.

आता कोठीविषयी. धान्याचे कोठार आणि रोजच्या शिध्याची कोठी या दोन जागा वेगळ्या असत. कोठारात भिंतीच्या पोटात बांधलेली बळदे असत, कणग्या असत आणि अंगणात किंवा गावाच्या उंच, कोरड्या जागी जमिनीत खणलेली पेवे असत. पेव उघडणे हा धोक्याचा उद्योग होता. आत कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरे, म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ तसेच ठेवीत आणि दिवा आत सोडून तो विझत नाही ना हे पाहून मगच माणूस उतरवीत. रोज पहाटे कोठीतून शिधा मोजून निघे: अमुक पायली बाजरी दळायला, इतके तांदूळ, इतकी डाळ, इतके तूप, देवघराचे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे. मोजून देणारी व्यक्ती बहुधा घरातील एखादी विधवा आत्या किंवा जाऊ असे. लाल अलवण नेसलेली, केशवपन झालेली, मंगल कार्यात समोर येण्यास मनाई असलेली ती बाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून असे, आणि कोणत्या पाहुण्याला साजूक तुपाची दुसरी वाढ मिळायची हे तिच्या हातात असे. तिला नुसती पीडित दाखवली तर अर्धेच सत्य दिसेल आणि नुसती खाष्ट दाखवली तर तेही अर्धेच.

चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी होई. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, मीठ-तिखट, चिंच, आणि धान्याला राख व कडुलिंबाचा पाला. एरवी दाराबाहेर न पडणाऱ्या बायका या दिवसांत वरच्या धाब्यावर वाळवणाच्या निमित्ताने जात आणि तेथून त्यांना गाव दिसे. पुढच्या चौकात त्यांना येता येत नसे. मधल्या भिंतीतील जाळीतून त्या कचेरीतले बोलणे ऐकत. नेपथ्यात ही जाळी अवश्य ठेवा. लग्ने लहानपणीच होत (शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे पुष्कळ नंतरचा), त्यामुळे आपल्या नाटकातील सून तेरा-चौदा वर्षांची असेल तर तिच्या तोंडी पोक्त वाक्ये घालताना लेखकाने जपावे.

हाकेसाठी घंटा नव्हती, कारण गरजच नव्हती. ‘कोण आहे रे तिकडे?’ एवढे म्हटले की कोणी तरी असेच. माणसे दिवसभर दाराशी, खांबाशी, ओसरीच्या कडेला बसून असत आणि नुसते बसून असणे हेच अनेकांचे काम होते. ज्यांना कुणबिणी म्हणत, त्या दासींविषयीही थोडे लिहायला हवे. पेशवाईत त्या विकत घेतल्या जात. १८४३ च्या कायद्याने गुलामीला न्यायालयाचा आधार उरला नाही, पण जायला दुसरी जागाच नसल्याने कित्येक जणी आणि त्यांची मुलेबाळे त्याच घराला चिकटून राहिली. दळण, भांडी, बाळंतिणीचे अंग रगडणे ही कामे त्यांची. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर वाढत आणि मोठी झाल्यावर त्यांना अरे-तुरे करीत.

तांबट आळी

वस्तूंपुरते थोडेसे. नाशिकची भांडी त्या वेळीही प्रसिद्ध होती, तेव्हा मंचावर पितळ आणि तांबे भरपूर दिसू द्या: घंगाळे, तपेली, पराती, समया, पानदान, तस्त, अत्तरदाणी, गुलाबदाणी. भांड्यांवर घराण्याचे नाव कोरलेले असे. आतून कल्हई केलेली हवी. स्टीलचे एकही भांडे चुकून येऊ देऊ नका. परीक्षकांच्या आधी प्रेक्षकांतील आजीबाईच ते पकडतील.

वीज नव्हती. देवघरात समई, माजघरात रॉकेलची चिमणी, कचेरीत कंदील. दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे फक्त समारंभाला लागत. प्रवासाला बायकांसाठी पडद्याची दमणी, पुरुषांसाठी घोडा किंवा टांगा. निफाड आणि लासलगाव ही दोन्ही स्टेशने मुंबई-मनमाड रेल्वेमार्गावर असल्यामुळे नाशिकला जाणे सोपे होते. नाशिकरोडला उतरले की गावापर्यंत घोड्यांची ट्राम होती. शेतीसाठी पाणी मोटेचे. दारणा धरण १९१६ चे आहे, त्यामुळे आपल्या काळात त्याच्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दाखवू नये. बाजरी, गहू, हरभरा दाखवावा. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर मात्र १९०३ पासून निघू लागला होता. एखाद्या हौशी धाकट्या भावाने तो आणल्याचा प्रसंग खपून जाईल.

टेम्सकाठचा नाशिककर

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि येथील खेड्यांतील जुनी उमरावी घरे पाहण्याचा मला नाद आहे. दिग्दर्शकांशी वाद घालताना उपयोगी पडेल म्हणून दोन्हींतील फरक सांगतो.

येथील मोठे घर गावापासून मुद्दाम दूर बांधलेले असते. भोवती पार्क, त्याला भिंत, भिंतीबाहेर भाडेकरू शेतकऱ्यांची शेते, आणि ही सर्व जमीन खरोखरच त्या घराण्याच्या मालकीची. शेतकरी वर्षातून ठरलेल्या दिवशी, बहुतेक ठिकाणी २५ मार्च आणि २९ सप्टेंबरला, खंड रोख भरीत. घरातील नोकर घरातच, तळमजल्याखाली किंवा माळ्यावर राहत आणि त्यांना वार्षिक पगार असे. मालकांच्या आणि नोकरांच्या वाटा, जिनेसुद्धा, वेगळे होते. माणूस दिसू नये पण काम झालेले दिसावे अशी ती रचना होती, आणि म्हणूनच तारांनी ओढायच्या घंटांची गरज पडली. पुरुष नोकर ठेवण्यावर येथे १९३७ पर्यंत कर होता, त्यामुळे उंच, देखणे, गणवेशातील फूटमन बाळगणे ही श्रीमंतीची जाहिरातच होती.

आपल्या वाड्यात नेमके उलटे होते. तेथे माणसे दिसलीच पाहिजेत. देवडीवर किती पहारेकरी बसले आहेत, ओसरीवर किती लोक ताटकळत आहेत, यावर घराची अब्रू मोजली जाई.

साम्य पाहायचे असेल तर ते वारसाहक्कात आणि उतरत्या काळात आहे. येथेही थोरल्याला सारे आणि धाकट्याला लष्कर नाही तर चर्च. १८७० नंतर अमेरिकेहून स्वस्त गहू येऊ लागला, शेतीचे खंड उतरले, १८९४ साली मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर बसला आणि आपल्या नाटकाच्या वर्षी, १९११ मध्ये, उमरावांच्या सभागृहाचा अर्थविधेयक अडवण्याचा अधिकारही गेला. बाहेरून भक्कम दिसणारी घरे आतून कर्जाने पोखरलेली, ही स्थिती गोदावरीकाठी आणि टेम्सकाठी एकाच वेळी होती. दिग्दर्शकांना तेवढा विलायती स्पर्श पुरे व्हावा.

वेशीपलीकडे

येथवरची सर्व चर्चा मी काळजीपूर्वक वाचली. ती माहितीपूर्ण आहे, परंतु ती दिंडी दरवाज्याच्या आतच फिरते आहे, आणि वाड्याचा बराचसा गाडा बाहेरच्या माणसांवर चालत होता.

महारवाड्यातील माणूस वाड्याचा नोकर नव्हता. तो गावचा वतनदार होता आणि हीच त्याची कोंडी होती. १८७४ च्या वतन कायद्याखाली त्याला थोडी जमीन होती आणि तिच्या बदल्यात सरकारी टपाल पोहोचवणे, साऱ्याची रक्कम तालुक्याला नेताना सोबत जाणे, साहेबाचा मुक्काम पडला की तंबूंसाठी राबणे, मेलेली जनावरे ओढणे, हद्दीच्या खुणा सांगणे, अशी रात्रंदिवस कामे होती. काम सरकारचे, गावाचे आणि वाड्याचेही; मोबदला मात्र खळ्यावर मिळणारे बलुते आणि दारोदारची भाकर. नाकारायची सोय नव्हती, कारण नाकारले तर वतन जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध होते.

बलुत्याचा एखादा प्रसंग आपल्या नाटकात असेल तर तो नीट दाखवावा. खळ्यावर मळणी झाली, रास पडली की सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, मांग, महार असे सगळे आपापल्या वाट्यासाठी येत. कागदावर तो हक्क होता. प्रत्यक्षात तो उभ्याने, हात पसरून घ्यावा लागे आणि माप भरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे शीग चढे किंवा उतरे. वर एका ताईंनी कोठीतील मापाविषयी लिहिले आहे. त्या मापाची सुरुवात येथे खळ्यावर होत होती.

आणखी एक गोष्ट नेपथ्याच्या दृष्टीने. वाड्यातील प्रत्येक माणसाची उंची ठरलेली असे. धनी गादीवर तक्क्याला टेकून, कारभारी व कारकून खाली जाजमावर, पाटील-कुलकर्णी ओसरीवर, खातेदार कुणबी पायरीशी, आणि महार दाराबाहेर, जेथून त्याचा आवाज आत येईल पण सावली येणार नाही अशा जागी. रंगमंचावर चार-पाच पातळ्या बांधल्या तर एक शब्द न बोलता सगळे कळेल. मात्र ही उतरंड दाखवून थांबू नये. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्याच्या आघाडीवर असलेले दादासाहेब गायकवाड १९०२ साली याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मले. म्हणजे आपल्या नाटकाच्या काळात दाराबाहेर बापाचे बोट धरून उभे असलेले आठ-नऊ वर्षांचे मूल, ही कल्पनेची भरारी नसून त्या पिढीचा हिशेब आहे. त्याला एखादे वाक्य द्यायचे की नाही ते लेखकाने ठरवावे. मला विचाराल तर देऊ नये, पण त्याला पाहताना दाखवावे.

नेपथ्यकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पातळ्यांची सूचना दिग्दर्शकांना एकदम पटली आणि टेबल रद्द झाले. घंटांसाठी ते अजून अडून आहेत. दोन शंका राहिल्या आहेत. दुसऱ्या अंकात जिल्ह्याचे कलेक्टर वाड्यावर येतात असा प्रवेश आहे, आणि लेखकाने त्यांना पंगतीला बसवले आहे. हे शक्य होते का? शिवाय शेवटचा प्रवेश पाडव्याचा असून त्यात नव्या सालगड्याशी बोली होते. ती कशी होत असे?

दप्तरी

कलेक्टर पंगतीला बसणे शक्य नव्हते. कलेक्टर हिवाळ्यात दौऱ्यावर निघत, गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडत आणि जहागीरदारच तेथे भेटीला जात. साहेब वाड्यावर आलेच तर दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या जात (वाड्यातील दोन-चार खुर्च्या मुख्यतः यासाठीच असत), हार-तुरे, अत्तर-गुलाब आणि पानसुपारी होई, आणि साहेब गेल्यावर जागा सारवून किंवा धुऊन घेतली जाई. फार तर फळफळावळ व मेवा तंबूवर पाठवीत.

पण या प्रवेशात खरे नाट्य वेगळ्याच ठिकाणी आहे. कलेक्टर जॅक्सन यांचा वध २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, नाटकाच्या वेळीच झाला, हे नाशिकच्या रंगकर्मींना मी सांगायला नको. त्याबद्दल कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. विनायकराव सावरकर जुलै १९११ मध्ये अंदमानात पोहोचले. म्हणजे आपला पडदा वर जातो तेव्हा नाशिकात शिकणारा प्रत्येक ब्राह्मण तरुण पोलिसांच्या नजरेत संशयित आहे. त्यात ज्या घराचा सरंजाम सरकारच्या मर्जीवर चालू आहे, त्या घरातील मुलगा जर नाशिकला शिकत असेल, तर अत्तर लावणाऱ्या हाताला कंप असणारच. १२ डिसेंबर १९११ ला दिल्लीत राज्यारोहणाचा दरबार झाला. गावातही रोषणाई करून राजनिष्ठा दाखवावी की दुष्काळाचे कारण सांगून खर्च टाळावा, असा पेच कारभाऱ्यापुढे टाकता येईल. लेखकाला पंगतीपेक्षा हे अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

वेशीपलीकडे

सालगड्याविषयी मी सांगतो. वर्ष पाडव्याला सुरू होई. बागलाण-मालेगावपासून खानदेशाकडे ते अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला धरीत. बोली धन्याशी होत नसे, कारभाऱ्याशी किंवा शेरी पाहणाऱ्या दिवाणजीशी होई. वर्षाचे धान्य किती, रोख किती, घोंगडी, वहाणा आणि धोतरजोडी मिळणार की नाही, सणाला पोळी वाढायची की शिधा द्यायचा, हे सारे ठरे. त्यातला सर्वांत कठीण भाग उचल. मुलीच्या लग्नासाठी किंवा आधीच्या धन्याची बाकी फेडण्यासाठी गडी आगाऊ रक्कम मागे, आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नसे. कित्येकदा बापाची उचल मुलगा फेडीत असे. नव्या गड्याच्या आधी जुन्याचा हिशेब होई, आजारपणाचे खाडे कापले जात आणि मोडलेले अवजार त्याच्या नावे लिहिले जाई. अंगठा वहीवर उठे, पण वही वाचून दाखवली जाईच असे नाही. ही बोली पुढच्या कचेरीत नव्हे, मागे गोठ्याच्या ओट्यावर होत असे. तेव्हा पुढच्या दारात गुढी उभारणे चालू असताना हा प्रवेश परसदारी घ्यावा, आणि कोठीची जाळी त्या बाजूलाही काढावी, म्हणजे धान्य किती ठरले ते किल्लीवाल्या आत्याबाईंना ऐकू जाईल. ते मापून द्यायचे काम पुढे वर्षभर त्यांनाच करायचे असते.